एक बुधवार : १ नोव्हेंबर १९५०

इतिहासाच्या पुस्तकांत वर्षे असतात, कालखंड असतात. दिवस फारसे नसतात. माणसे मात्र दिवसच जगतात. म्हणून कधीतरी एकच दिवस निवडावा आणि विचारावे, की त्या दिवशी जग कोठे होते आणि आपली माणसे कोठे होती? या लेखासाठी निवडलेला दिवस आहे बुधवार, १ नोव्हेंबर १९५०. पंचांगाप्रमाणे दिवाळी आठवड्यावर आली होती. ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत तो सर्व संतांचा सण होता. भारताचे प्रजासत्ताक अवघे नऊ महिन्यांचे होते. आणि स्थळ आहे तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा. त्यातही प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या आसपासची, ख्रिस्ती वस्ती असलेली गावे.

सकाळपासून सुरुवात करू. गावांत वीज नव्हती. रात्र कंदिलाच्या आणि रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात सरे. बाजरी खळ्यावर येण्याचे हे दिवस. रब्बीची ज्वारी पेरून झालेली. त्या काळी सायंकाळच्या मिस्साची परवानगी नव्हती, म्हणून सणाचा मिस्सा सकाळीच. ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नच काय, पाण्याचा थेंबही घ्यायचा नसे. हा नियम १९५३ साली शिथिल झाला. मिस्साची भाषा लॅटिन. वेदीकडे तोंड करून उभे असलेले धर्मगुरू जे म्हणत त्यातील शब्द भाविकांना कळत नसत. पण केव्हा गुडघे टेकायचे, केव्हा मस्तक लववायचे हे लहान मुलालाही ठाऊक असे. मराठीतून मिस्सा ऐकण्यासाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत वाट पाहावी लागणार होती.

त्या वेदीवरील द्राक्षरसालाही त्या वर्षी कायद्याचा आधार लागत होता. मुंबई राज्यात एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली होती आणि त्या कायद्यात धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षरसाच्या परवानगीचे स्वतंत्र कलम ठेवावे लागले होते. मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. जिल्ह्यातील कॅथॉलिक तेव्हा पुणे धर्मप्रांतात मोडत. नाशिक धर्मप्रांत पुढे १९८७ साली स्थापन झाला.

मिस्सा संपला की कामाला जायचे, कारण सण असला तरी पोटाला सुट्टी नसे. या भागातील कामाचे स्वरूप पाण्याने बदलून टाकले होते. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि कालव्याच्या कडेने ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. उसाच्या फडात आणि कारखान्यांच्या आवारात राबणाऱ्या मजुरांत ख्रिस्ती कुटुंबांची संख्या मोठी होती. त्याच सुमारास लोणीला एक वेगळाच कारखाना उभा राहत होता. विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकरी जमवले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. आपल्या बुधवारी त्या घटनेला दोन महिने अवकाश होता. पुढे साऱ्या महाराष्ट्राचे राजकारण आणि अर्थकारण ज्या सहकाराभोवती फिरले, त्याचे चाक त्या दिवशी लोणीच्या माळावर जोडले जात होते.

बाजारहाट आण्यांत चाले. सोळा आण्यांचा रुपया अजून सात वर्षे टिकणार होता. मात्र नाण्यावरचे चित्र बदलले होते. १५ ऑगस्ट १९५० पासून राजाच्या मुखवट्याऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असलेली नवी नाणी चलनात आली होती. खेड्यातल्या माणसाला प्रजासत्ताक म्हणजे काय हे भाषणांतून कितपत कळले असेल कोण जाणे. हातातले नाणे मात्र बदललेले दिसत होते.

करमणुकीचे काय? रेडिओ हे श्रीमंतांचे वा संस्थांचे साधन होते आणि त्याला परवाना लागे. पुण्याचे आकाशवाणी केंद्रही अजून निघायचे होते. ते १९५३ साली सुरू झाले. खेड्यातल्या माणसाची करमणूक म्हणजे भजन, कीर्तन, तमाशा, कुस्त्यांचा फड आणि जत्रा. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ताची भजने गाण्याची चाल तर नगरशी विशेष निगडित आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच नगरमध्ये मराठी ख्रिस्ती काव्याला मराठमोळे रूप दिले. टिळक प्रॉटेस्टंट मंडळीतले. तथापि सुरांना पंथाची कुंपणे फार काळ अडवू शकत नाहीत. हरेगावची मतमाऊलीची यात्राही तेव्हा नवीच होती. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही यात्रा आज लाखोंची झाली आहे.

शहरात सिनेमा होता. १९५० साली दिनकर द. पाटील यांचा ‘राम राम पाव्हणं’ हा मराठी चित्रपट आला. लता मंगेशकर यांनी संगीत दिलेला तो पहिला चित्रपट. आणि पडद्यावरच्या देवांमध्ये एक चेहरा नगरचा होता. शाहू मोडक यांचा जन्म १९१८ साली नगरच्या ख्रिस्ती घरात झाला. त्यांनी अनेक चित्रपटांतून श्रीकृष्ण साकारला आणि १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’ या प्रभातच्या चित्रपटात ज्ञानेश्वरांची भूमिका केली. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यातले. त्या नेवाशाच्या ज्ञानेश्वराला पडद्यावर देह दिला तो नगरच्या एका ख्रिस्ती मुलाने, आणि प्रेक्षकांनी त्याला मनोभावे हात जोडले. आपल्या समाजजीवनातील ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता त्या दिवसाच्या बातम्यांकडे वळू. मिहिजाम येथील रेल्वे इंजिनांच्या कारखान्याला त्या दिवशी देशबंधू चित्तरंजन दास यांचे नाव मिळाले आणि तेथे तयार झालेले पहिले वाफेचे इंजिन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी राष्ट्राला अर्पण केले. इंजिनाचे नावही ‘देशबंधू’. दौंड-मनमाड लोहमार्गावर वाफेच्या गाड्यांची शिटी ऐकून वेळ ओळखणाऱ्या नगरकरांना या बातमीचे मोल सांगायला नको होते. उत्तरेकडून काळजीची वार्ता होती. चिनी फौजा ऑक्टोबरमध्ये तिबेटात शिरल्या होत्या आणि चामदो पडले होते. कोरियात उनसान येथे चिनी सैन्याने अमेरिकन फौजांवर मोठा हल्ला चढवला तो १ नोव्हेंबरलाच. ज्या पंतप्रधानांना या घडामोडींना उत्तर द्यायचे होते, ते पंडित नेहरू पाचच वर्षांपूर्वीपर्यंत नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदी होते आणि तेथेच त्यांनी भारताच्या इतिहासाचा आपला ग्रंथ लिहिला होता.

वॉशिंग्टनमध्ये दुपारी दोन पोर्टो रिकन बंडखोरांनी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना ठार मारण्याचा प्रयत्न केला. ट्रूमन बचावले, एक पहारेकरी आणि एक हल्लेखोर मारला गेला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. गावाला ही बातमी कळायची ती रेल्वेने आलेल्या पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रातून, एखाद-दोन दिवसांनी, आणि तीही गावातल्या शाळामास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवली तर.

आणि रोम? ते पवित्र वर्ष होते. त्या सकाळी, म्हणजे आपल्याकडच्या दुपारी, संत पेत्राच्या चौकात लाखोंच्या समुदायासमोर पोप बारावे पायस यांनी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचे श्रद्धासत्य घोषित केले. या श्रद्धेचा उगम काही त्या दिवशी झाला नव्हता. पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे शतकानुशतके हा सण पाळला जात होता. १९४६ साली पोपमहाशयांनी जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून त्यांचे आणि त्यांच्या लोकांचे मत विचारले होते, आणि उत्तर जवळजवळ एकमुखी आले होते. घोषणेचा आशय थोडक्यात असा, की आपले पृथ्वीवरील जीवन संपल्यावर मरियामाता आत्म्याने आणि देहाने स्वर्गीय वैभवात घेतली गेली.

नगरच्या खेड्यांत ही वार्ता कशी पोहोचली असेल? धर्मगुरूंच्या उपदेशातून आणि ‘निरोप्या’सारख्या मासिकांतून. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली राहुरी तालुक्यातील केंदळहून सुरू केलेले हे मासिक कॅथॉलिक घरांना जगाचे आणि ख्रिस्तसभेचे वर्तमान सांगत आले होते. लोरेटोच्या लितानीत एका नव्या संबोधनाची भर पडली. स्वर्गात घेतलेली राणी असे मरियेला म्हटले जाऊ लागले. जपमाळेनंतर लितानी म्हणणाऱ्या आजीला ट्रूमन कोण ते ठाऊक नसेल, पण प्रार्थनेत एक ओळ वाढली हे तिच्या लगेच ध्यानात आले असणार.

आता या दिवसाच्या गाभ्याकडे येऊ. वाचकहो, त्या एकाच वर्षात माणसाच्या देहाविषयी तीन दस्तऐवज प्रसिद्ध झाले. ते आपण एकमेकांशेजारी ठेवून क्वचितच वाचतो. पहिला २६ जानेवारीचा. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याचा देह इतर कोणाच्याही देहाइतकाच स्वच्छ आणि स्वतंत्र आहे असे राष्ट्राने जाहीर केले. दुसरा १० ऑगस्टचा. अनुसूचित जातींची यादी देणाऱ्या राष्ट्रपतींच्या आदेशात म्हटले होते, की हिंदूहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. इंग्रजांच्या १९३६ च्या आदेशानेही भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला यादीबाहेर ठेवले होते. प्रजासत्ताकाने जुनीच रेघ नव्या शाईने ओढली. तिसरा दस्तऐवज १ नोव्हेंबरचा, रोमचा. खेड्यातील एका सुताराच्या घरी पाणी भरणाऱ्या, दळणारी-कांडणारी असेल अशा स्त्रीचा देह परमेश्वराने मातीत टाकून दिला नाही, असे तो सांगतो.

नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी फार मोठा भाग पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग समाजांतून आलेला. गावाची विहीर त्यांना बाप्तिस्म्यानंतरही मोकळी झाली नव्हती. विटाळ मानणाऱ्याने कधी धर्म विचारून विटाळ मानला नाही. मग तीन कागदांनी मिळून त्यांना काय दिले? एकाने अपमान गुन्हा ठरवला. दुसऱ्याने त्या अपमानाची भरपाई मागण्याच्या रांगेतून त्यांना बाजूला काढले. आणि तिसऱ्याने, ज्याला सरकारी दप्तरात किंमत नाही, त्यांच्या देहाचे अंतिम मोल सांगितले. १० ऑगस्टचा आदेश ही मथळ्यात झळकण्यासारखी बातमी नव्हती. असे आदेश राजपत्रात छापले जातात आणि अर्जाच्या रकान्यात उमगतात. शाळेच्या दाखल्यावर, शिष्यवृत्तीच्या कागदावर, नोकरीच्या खिडकीशी. ट्रूमनवरील हल्ल्याची बातमी आठवड्यात शिळी झाली. या आदेशाची बातमी मात्र घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ताजीच राहिली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांना त्या यादीत स्थान मिळाले. ते न्याय्यच होते. धर्मांतरित दलितांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ साली पुन्हा एक आयोग नेमावा लागला, यावरूनच तो प्रश्न किती काळ अनुत्तरित राहिला ते दिसते.

येथे आपल्याकडेही बोट वळवले पाहिजे. दर वर्षी १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि स्वर्गोन्नयनाचा सण एकाच दिवशी येतात. झेंडावंदन करून आपण मिस्साला येतो, किंवा मिस्सा करून झेंडावंदनाला जातो. या योगायोगावर प्रवचने होतात. पण देह आणि आत्मा दोन्ही देवाला प्रिय आहेत असे मानणाऱ्या समाजात लग्नाच्या वेळी जात विचारली जाते का, दफनभूमीत आणि बाकांवर जुन्या रेघा उमटतात का, हे विचारल्याशिवाय त्या श्रद्धासत्याचा पुरता अर्थ लागत नाही. दुसऱ्याच्या आदेशातील रेघ खोडण्याची मागणी करणाऱ्याने स्वतःच्या अंगणातील रेघ आधी पुसायला हवी.

बुधवारची रात्र झाली. दुसरा दिवस मृतांच्या स्मरणाचा. त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा होती. त्याच दुसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉ वारले आणि वृत्तपत्रांचे रकाने त्यांनी भरून गेले. नगरच्या खेड्यांतली माणसे मात्र गुरुवारी पहाटे मेणबत्त्या घेऊन आपल्या माणसांच्या थडग्यांकडे गेली. त्यांतल्या बहुतेकांवर दगडही नव्हता. नुसता मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. ज्यांची नावे कोणत्याही वृत्तपत्रात आली नाहीत, त्यांच्या देहांसाठी ती मेणबत्ती होती.

त्या बुधवारी जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज नव्वदीकडे झुकले आहेत. फडातली मजुरी किती आणे होती, पाणी कोणत्या विहिरीवरून आणत, शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले गेले, हे त्यांना विचारून वहीत टिपून ठेवावे. वृत्तपत्रांचा इतिहास ग्रंथालये जपतील. हा इतिहास जपणे आपल्या धर्मग्रामांचेच काम आहे.