धावपटू, पाणी आणि मीठ

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा आणि त्यापलीकडे नाशिक जिल्ह्यातील हरसूलचा डोंगराळ मुलूख. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट, ही या भागाची जुनी ओळख. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत याच मुलुखातून पुढे आली. २०१० साली तिने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत कांस्य, तर ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉनही ती धावली. त्याच शर्यतीत ओ. पी. जैशा अंतिम रेषेनंतर कोसळली. वाटेत पाणी मिळाले नाही, असा आरोप जैशाने केला; अॅथलेटिक्स महासंघाने तो फेटाळला. कविताने मात्र आपली काही तक्रार नसल्याचे सांगितले.

त्या वादामुळे पाण्याअभावी होणारा धोका घरोघरी पोहोचला. पाण्याच्या अतिरेकाचा धोका मात्र अजूनही फारसा कुणाला ठाऊक नाही.

घामावाटे पाण्याबरोबर सोडियमही जाते. एक लिटर घामात ते सरासरी एक ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मिठाइतके असते. व्यक्तीनुसार यात मोठा फरक पडतो. कपड्यांवर पांढरे डाग उमटणाऱ्यांचा घाम बहुधा अधिक खारट असतो. अशा वेळी तहान नसतानाही धावपटू प्रत्येक टेबलावर पाणी पीत राहिला, तर मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तातील सोडियम पातळ होते. त्याचे प्रमाण लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेले की त्यास 'हायपोनेट्रेमिया' म्हणतात. मळमळ, डोकेदुखी, बोटांवर सूज, बोलण्यात गोंधळ आणि शेवटी झटके. मेंदूला सूज आल्यास मृत्यूही ओढवतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये हा दोष आढळला. शर्यतीत वजन वाढणे, हीच त्याची सर्वांत ठळक खूण ठरली.

ही लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच भासतात, हीच खरी मेख. गोंधळलेल्या धावपटूच्या तोंडाला आणखी पाण्याची बाटली लावणे जिवावर बेतू शकते. त्याला तातडीने वैद्यकीय तंबूत न्यावे.

मग मिठाच्या गोळ्या घ्याव्यात का? अतिरेकी पाणी पिणाऱ्याला त्या वाचवीत नाहीत. रक्तात सोडियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल असते, बाजारातील बहुतेक क्रीडापेयांत त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे तीही भरमसाट प्यायल्यास रक्त पातळच करतात! जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेल्या ओआरएसमध्ये हे प्रमाण ७५ आहे. तासाभराच्या धावेला साधे पाणी पुरे. दोन-तीन तासांच्या पुढे, विशेषतः मुंबईसारख्या दमट हवेत, मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा ओआरएस उपयोगी पडते. धावून आल्यावर मीठ घातलेले ताक किंवा नागलीची आंबील उत्तम. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जादा मीठ घेऊ नये.

किती प्यावे, याचे उत्तर वजनकाट्यावर मिळते. सरावाआधी आणि नंतर कोरड्या, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. ६० किलोच्या धावपटूचे वजन किलोभर घटले तर चिंता नाही. सव्वा किलोहून अधिक घटल्यास पुढच्या वेळी थोडे अधिक प्यावे. वजन वाढले असल्यास पाणी कमी करावे.