चार दिवसांचा त्रिशंकू

निवडणुकीत कोणत्याच पक्षाला बहुमत मिळाले नाही, की आपण सभागृहाला त्रिशंकू म्हणतो. शब्द मोठा चपखल आहे. विश्वामित्रांनी सदेह स्वर्गात धाडलेल्या त्या राजाला इंद्राने खाली लोटले, विश्वामित्रांनी खाली पडू दिले नाही, आणि बिचारा मधल्यामध्येच राहिला. पण श्रोतेहो, निवडणुकीनंतर नेमके लोंबकळत कोण असते? सभागृह, की सरकार? १९७४ सालच्या फेब्रुवारीअखेर विलायतेत जे घडले ते पाहिले, म्हणजे या प्रश्नाचा उलगडा होतो.

तो हिवाळा इंग्रजांना फार जड गेला. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तेलाचे भाव कडाडले. इकडे खाणकामगारांनी पगारवाढीसाठी जादा वेळ काम करण्याचे थांबवले. कोळसा पुरेना, म्हणून वीज पुरेना. नव्या वर्षापासून कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळू लागली. हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्यापाशी बहुमत होते, पार्लमेंटची मुदतही वर्षाहून अधिक शिल्लक होती. तरी खाणकामगारांनी पुरता संप पुकारल्यावर, ७ फेब्रुवारीला, त्यांनी निवडणूक जाहीर केली. मतदारांपुढे त्यांनी टाकलेला सवाल असा, की देशावर राज्य कोणाचे? निवडून दिलेल्या सरकारचे, की कामगार संघटनांचे?

सवाल सरळ होता. जबाब मात्र तिरका आला. २८ फेब्रुवारीला, गुरुवारी, सुमारे ७९ टक्के लोकांनी मतदान केले. रात्री मोजणी सुरू झाली आणि पहाटेपर्यंत एवढेच कळून चुकले, की काही कळण्यासारखे राहिलेले नाही. वेल्समधल्या कारमार्दन मतदारसंघात मजूर पक्षाचा उमेदवार अवघ्या तीन मतांनी निवडून आला. देशाचा एकंदर निकालही असाच अटीतटीचा. सभागृहाच्या जागा ६३५. बहुमताला ३१८ हवेत. मजूर पक्षाला ३०१ मिळाल्या, हुजूर पक्षाला २९७. आणि गंमत अशी, की मते पाहावीत तर हुजूर पक्षाला सव्वादोन लाख जास्त! उदारमतवादी पक्षाला तब्बल साठ लाख मते पडली, पण जागा मिळाल्या चौदा. १९२९ नंतर असा प्रसंग विलायतेत आलाच नव्हता.

मग जिंकले कोण? शुक्रवारी सकाळी जो तो हेच विचारत होता. परंतु तेथील राज्यघटना, जी एका ग्रंथात लिहिलेली नाही, वहिवाटीतूनच चालत आलेली आहे, ती हा प्रश्न विचारतच नाही. दुसरा पंतप्रधान मिळेपर्यंत पहिला आपल्या जागेवर राहतो, कारण देशाला एक दिवसही सरकारावाचून ठेवता येत नाही. हीथसाहेबांपुढे दोन दाखले होते आणि दोन्ही त्यांच्याच पक्षाच्या बॉल्डविन यांचे. १९२३ च्या निवडणुकीत बहुमत गेले तेव्हा बॉल्डविन खुर्ची न सोडता सभागृहापुढे गेले, १९२४ च्या जानेवारीत मतदानात हरले आणि मग उतरले. १९२९ साली मात्र त्यांनी सभागृह भरण्याची वाटही पाहिली नाही. सरळ राजीनामा दिला. म्हणजे थांबणे आणि जाणे, दोन्ही शिष्टसंमत!

हीथ थांबले. ऑस्ट्रेलियाचा दौरा आटोपता घेऊन राणी एलिझाबेथ लंडनला परतल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी हीथ त्यांना भेटले. शनिवारी उदारमतवाद्यांचे पुढारी जेरेमी थॉर्प पंतप्रधानांच्या घरी आले. मंत्रिमंडळात जागा आणि मतदानपद्धतीच्या सुधारणेचा विचार करण्यासाठी एक परिषद, एवढे हीथ देऊ करत होते. साठ लाख मतांवर चौदा जागा मिळालेल्या पक्षाला केवळ परिषदेचे आश्वासन कसे पुरावे? आणि जरा बेरीज करून पाहा. २९७ आणि १४ मिळून झाले ३११. तरी सात कमीच! मजूर पक्ष आणि उदारमतवादी एकत्र आले असते तरी ३१५, तीन कमी.

ही तूट भरून काढणारी माणसे सभागृहात होती. उत्तर आयर्लंडमधून संघवाद्यांचे अकरा सभासद निवडून आले होते. त्यांचे पूर्वसूरी वर्षानुवर्षे हुजूर पक्षाच्या बाकांवर बसत आलेले. परंतु १९७२ साली हीथ यांनी तिथले प्रांतिक सरकार स्थगित केले, आणि १९७३ च्या डिसेंबरात सनिंगडेलचा करार घडवून आणला. तो या मंडळींना मुळीच मान्य नव्हता. घरचे रुसले, शेजाऱ्यांशी जमले नाही. सोमवारी, ४ मार्चला, उदारमतवाद्यांनी नकार कळवला आणि संध्याकाळी हीथ यांनी राजीनामा दिला.

हे चार दिवस मजूर पक्षाचे हॅरल्ड विल्सन काय करत होते? फारसे काहीच नाही. सरकार बनवायला आपण तयार आहोत एवढे सांगून ते स्वस्थ बसले. त्यांच्यापाशी तरी सतरा कमीच होते. मग त्यांचे सरकार टिकले कसे? खुबी इथेच आहे. अल्पमतातल्या सरकारला आपल्या बाजूने ३१८ हात वर व्हावे लागत नाहीत; विरुद्ध बाजूचे सगळे हात एकाच वेळी वर होऊ नयेत, एवढे पुरते. लागलीच दुसरी निवडणूक कोणालाच नको होती. खाणकामगारांशी तडजोड झाली, तीन दिवसांचा आठवडा संपला. ऑक्टोबरात पुन्हा निवडणूक होऊन मजूर पक्षाला ३१९ जागा, म्हणजे तिघांचे मताधिक्य मिळाले. तेही पुढे ओसरले, आणि २८ मार्च १९७९ रोजी ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने सभागृहाने ते सरकार घालवले. त्या वेळी पंतप्रधानपदी जेम्स कॅलाहन होते.

आपण विलायतेची ही रीत घेतली, पण वहिवाटीवर न सोडता लिहून ठेवली. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असे आपल्या घटनेचे पंचाहत्तरावे कलम सांगते. १९९६ साली त्याची प्रचीती आली. लोकसभेत १६१ जागा जिंकून भारतीय जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला. अटलबिहारी वाजपेयी १६ मेला पंतप्रधान झाले, आणि बहुमत जुळत नाही हे पाहून २८ मेला त्यांनी सभागृहातच राजीनाम्याची घोषणा केली. त्यांच्यानंतर आलेल्या देवेगौडांच्या पक्षाचे सभासद पन्नाससुद्धा नव्हते. पण इतर पक्ष त्यांच्या पाठीशी उभे होते.

तेव्हा त्रिशंकू कोण, हे आता ध्यानात येईल. सभागृह लोंबकळत नाही. मतदारांनी निवडलेली माणसे तिथे आपापल्या बाकावर घट्ट बसलेली असतात. लोंबकळते ते सरकार, आणि त्याची दोरी त्या बाकांवरच्या हातांत असते. पुन्हा कधी निकालाच्या रात्री आकडे जुळेनासे झाले, तर पहिला कोण आला एवढेच पाहून निजू नये. कोणाच्या विरुद्ध सगळे एकत्र येऊ शकत नाहीत, तेही पाहावे. पुढचे सरकार बहुधा त्याचेच असते.