शिकागोकडचा व्हिडिओ गेम

गराज सेलमध्ये 'अ‍ॅस्ट्रोकेड' नावाचे जुने यंत्र दिसले, तर त्याकडे जरा आदराने पाहावे. ते आपल्या शिकागोकडचेच. बॅली कंपनीने ते १९७८ साली घरोघरी पोचवले. रचना आर्लिंग्टन हाइट्सच्या डेव्ह नटिंग असोसिएट्सची.

मेमरी अवघी ४ के, तीही पडद्यावरच्या चित्रासाठी. जेमी फेंटन यांच्या 'बॅली बेसिक'ने तिच्यातूनच प्रोग्रॅमसाठी १८०० बाइट्सची जागा काढली. मराठीत सांगायचे तर हे पानभर मजकूरही नव्हे! तेवढ्यात हौशी मंडळी घरीच गेम्स लिहू लागली आणि ते साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवू लागली.

१९८० च्या सुमारास बॅलीने हा धंदा विकला. तरी ते गेम्स टिकले, ते मुख्यतः एका वार्तापत्रामुळे. कॅलिफोर्नियाचे बॉब फॅब्रिस १९७८ ते १९८६ 'आर्केडियन' काढत. त्यात वाचकांचे प्रोग्रॅम छापून येत. इतर वाचक ते घरी टाइप करून खेळत. कॅसेट खराब झाली, तरी कागद उरला. त्याच्या आधारे संग्राहक आजही ते गेम्स चालवू शकतात.

तेव्हा मंडळी, बेसमेंट आवरताना यंत्र ठेवाल, तशी सोबतची वह्या-पत्रकेही ठेवा. खरा इतिहास बहुधा त्यांतच असतो.