अरेंजर कीबोर्ड : मंचासाठी स्टाइल व सेटिंगची मांडणी

कार्यक्रमात लागणारी स्टाइल, वाद्यस्वर, लय आणि पट्टी गाण्यागणिक आधीच साठवून, ऐनवेळी एका बटणावर मिळतील अशी लावून ठेवण्याची पद्धत. अरेंजर कीबोर्डवर डाव्या हाताने कॉर्ड धरली की ठेका, बास व इतर साथ त्या कॉर्डनुसार आपोआप वाजते. या साथीच्या तयार आराखड्याला स्टाइल म्हणतात. तिच्यात इन्ट्रो, मेन, फिल-इन व एंडिंग असे भाग असतात.

यामाहाच्या स्टाइलमध्ये आठ चॅनल असतात. त्यांपैकी दोन ठेक्याची, उरलेली बास, कॉर्ड, पॅड व फ्रेजची. ढोलकी किंवा तबला वाजवणारा सोबत असेल, तर ठेक्याची चॅनल बंद करून बास व कॉर्ड तेवढे चालू ठेवावेत. नाहीतर दोन ठेके एकमेकांवर आदळतात. दादरा व केरवा यांना जुळणाऱ्या स्टाइल सहज मिळतात. सात मात्रांच्या रूपकासाठी मात्र स्टाइल बंद ठेवून तबल्यावरच गाणे घेणे बरे.

ही सगळी जुळणी यामाहात ‘रजिस्ट्रेशन मेमरी’त, तर कॉर्गच्या पीए मालिकेत ‘साँगबुक’मध्ये साठते. सर्वांत जास्त गफलत पट्टीची होते. एक गायिका काळी चारमध्ये (जी शार्प) गाते, पुढचा गायक पांढरी चार (एफ) मागतो. वादक सी धरून वाजवत असेल, तर पहिल्या गाण्याला ट्रान्सपोज (पट्टी अर्ध्या स्वरांच्या पायऱ्यांनी सरकवण्याची सोय) उणे 4 आणि दुसऱ्याला अधिक 5 लागतो. म्हणून प्रत्येक मेमरीत ट्रान्सपोज साठवावाच, तो शून्य असला तरीही. न साठवल्यास मागच्या गाण्याची पट्टी पुढच्या गाण्याला चिकटून राहते. एका गाण्यात फक्त उजव्या हाताचा वाद्यस्वर बदलायचा असेल, तर ‘फ्रीझ’ वापरून स्टाइल व लय आहे तशी राखता येते.

पट्टीसारखाच गाण्यांचा क्रमही अडचणीत आणतो. बंगळुरूजवळच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत देशभरातून नोकरीसाठी आलेली कुटुंबे राहतात. अशा वस्तीतल्या गणेशोत्सवात भावगीत, कोळीगीत, कन्नड चित्रपटगीत आणि हिंदी गाणे एकाच संध्याकाळी येऊ शकते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. राज्य सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस तेवढे अपवाद. वेळ सरत आली की गाणी गळतात, क्रम उलटतो. म्हणून मेमरी कार्यक्रमाच्या क्रमाने भरू नये. ती गाण्याच्या नावाने ठेवावी आणि क्रमाची यादी वेगळी करावी. यामाहाच्या जेनोसपासून (2017) त्यासाठी ‘प्लेलिस्ट’ची सोय आहे.

मेमरींच्या गटात, म्हणजे बँकेत, केलेला बदल फाइल सेव्ह न करता दुसरी बँक उघडली की पुसला जातो. बाहेरून आणलेल्या स्टाइलचा मेमरीत फक्त पत्ता साठतो, त्यामुळे पेनड्राइव्हवरील फोल्डरचे नाव नंतर बदलू नये. स्टाइलच्या फाइलमध्ये सहसा ध्वनी नसतो, कोणता स्वर कोणत्या वाद्यात वाजवायचा एवढीच सूचना असते. ढोलकीचा ध्वनी नसलेल्या मॉडेलवर तीच स्टाइल भलत्याच ड्रममध्ये वाजते. भाड्याच्या कीबोर्डवर कार्यक्रम असेल, तर प्रत्येक स्टाइल तालमीतच त्या वाद्यावर ऐकून घ्यावी लागते.