सॉकर बाउल : अमेरिकेतील एका अंतिम सामन्याचा इतिहास

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर हे नाव आहे. कारण फुटबॉल हे नाव तेथे दुसऱ्याच खेळाने बळकावले आहे. त्या खेळाच्या छायेत नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग १९६८ साली उभी राहिली. पहिल्या वर्षी संघ सतरा. पुढच्याच वर्षी उरले पाच, आणि १९६९ मध्ये अंतिम सामना झालाच नाही. गुणांच्या बेरजेवर कॅन्सस सिटीला विजेता ठरविण्यात आले. नवरदेवाशिवाय वरात ती ही!

पहिल्या वर्षी अजिंक्य ठरलेल्या अटलांटा संघाचे प्रशिक्षक फिल वूस्नम हेच पुढे लीगचे कमिशनर झाले. १९७५ पासून अंतिम सामन्याला सॉकर बाउल हे नाव मिळाले. ते अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बाउलवरून घेतलेले होते, हे उघडच आहे.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात आला. १९७० च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध इस्राएलचा एकमेव गोल करणारा आपला मोर्देखाय श्पिगलर तेव्हा याच संघात खेळत होता, हे वाचकांस आठवत असेल.

२८ ऑगस्ट १९७७ रोजी पोर्टलंड येथे कॉसमॉसची गाठ सिॲटलशी पडली. हा पेलेचा अखेरचा स्पर्धात्मक सामना. परंतु त्या दिवशी खरा पराक्रम केला तो स्टीव्ह हंट या तरुण इंग्रज खेळाडूने. सिॲटलचा गोलरक्षक चर्स्की याने चेंडू हातातून जमिनीवर सोडला. पाठीमागून हंट येत आहे, याची त्याला कल्पना नव्हती. हंटने चेंडू हिरावून गोल केला. सिॲटलने बरोबरी साधली, पण हंटच्याच पासवर किनाग्लियाने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला : २-१. सामना संपल्यावर पेलेने आपला सदरा सिॲटलच्या मॅकॅलिस्टर या नवख्या खेळाडूला दिला. पुढच्याच महिन्यात हाच कॉसमॉस संघ कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ असा बरोबरीत खेळला.

१९७८ चा अंतिम सामना कॉसमॉसच्याच मैदानावर, ७४,९०१ प्रेक्षकांसमोर झाला. लीगमध्ये तेव्हा चोवीस संघ होते. पेलेमुळे आलेली गर्दी पेलेनंतर टिकेल, असे मालकांनी गृहीत धरले. परदेशी खेळाडूंवर पैसा ओतला गेला आणि घरचे खेळाडू घडविणे मागे पडले. माझ्या मते लीगचा पाया येथेच खचला.

अमेरिकन प्रेक्षकांस बरोबरी रुचत नाही, म्हणून पस्तीस यार्डांवरून पाच सेकंदांत गोल करण्याचा 'शूटआउट' निघाला. १९८१ मध्ये टोरोंटो येथे गोलशून्य सामन्याचा निकाल याच रीतीने लागला आणि शिकागोने कॉसमॉसला हरविले.

१९८४ पर्यंत नऊच संघ उरले होते. त्या वर्षी एका अंतिम सामन्याऐवजी तीनपैकी दोन जिंकण्याची मालिका ठेवली गेली. शिकागोने टोरोंटोला पहिल्या दोन्ही सामन्यांत नमविले, म्हणून तिसरा खेळावाच लागला नाही. १९८५ च्या मार्चमध्ये नव्या हंगामासाठी मिनेसोटा आणि टोरोंटो हे दोनच संघ तयार होते. लीग स्थगित करण्यात आली.