‘ऑफिस टाईम’चें फूल

ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्यांनीं आयुष्य काढलें, त्यांना ‘ऑफिस टाईम’ म्हणजे काय हें सांगावयास नको. परंतु आज मी बोलणार आहें तें त्या नांवाच्या फुलाविषयीं. कोणी त्यास चिनी गुलाब म्हणतात. तें चिनी नव्हे, गुलाबही नव्हे. आपल्या बाजारांतील घोळीच्या भाजीचें तें सख्खें भावंड. तींच मांसल पानें, तोच जमिनीवर पसरण्याचा स्वभाव; मात्र घोळीचें फूल पिवळें व इवलेसें, आणि ह्याचें गुलाबी, केशरी, पांढरें, रुपयाहून मोठें.

घोळ आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे. संस्कृत वैद्यकांत ती ‘लोणिका’ म्हणून येते. हा पाहुणा मात्र दक्षिण अमेरिकेंतला. अर्जेंटिनांत मेंडोझाच्या आसपासच्या रेताड माळांवर जॉन गिलीज ह्या स्कॉटिश डॉक्टरास तो आढळला, आणि विल्यम हूकर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२९ सालीं ‘पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा’ ह्या नांवानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. लॅटिन भाषेंत ‘पोर्टुला’ म्हणजे लहान दार. फळ पिकलें म्हणजे त्याचें टोपण अलगद सुटतें व धुळीसारख्या बारीक बिया बाहेर पडतात, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात.

आतां आपलें देशी नांव पाहूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली. १८५४ च्या मे महिन्यांत ती कल्याणास पोंचली. त्या रुळांनीं ह्या गांवांस घड्याळ दिलें. तेंही एक नव्हे! मुंबईचा स्थानिक काळ निराळा, रेल्वेचा मद्रासी काळ त्याहून सुमारें अर्धा तास पुढें. १९०६ सालीं प्रमाणकाळ आला, तरी एकोणचाळीस मिनिटें मागें असलेलें आपलें घड्याळ पुष्कळ मुंबईकरांनीं स्वातंत्र्य येईपर्यंत सोडलें नाहीं. फुलास ह्या भांडणाशीं कर्तव्य नव्हतें. त्याला ऊब आणि प्रकाश हवा. ऊन अंगावर आलें कीं नऊ-दहाच्या सुमारास तें उमलतें, दुपारनंतर मिटतें, तें पुन्हां उघडत नाहीं. हिंदींत त्यास ‘नौ बजिया’ म्हणतात. तमिळ व मल्याळम् नांवांचा अर्थही दहा वाजतांचें फूल असाच. आमच्याकडे मात्र तासाच्या जागीं कचेरी आली!

गंमत अशी कीं, ज्याच्या ऑफिसावरून नांव पडलें त्याला हें फूल दिसतच नाहीं. डोंबिवलीचा नोकरदार साडेआठची गाडी गांठतो तेव्हां कळ्या मिटलेल्या. संध्याकाळीं सातला परततो तेव्हां फुलें सुकलेलीं. तेव्हां हें नांव घरीं राहणाऱ्यांनींच ठेवलें असावें, असें मला वाटतें.

मेंडोझास वर्षाकाठीं आठ-नऊ इंच पाऊस. ठाण्यास तो शंभर इंचांच्या घरांत. म्हणून येथें ह्या झाडास भय उन्हाचें नाहीं, पाण्याचें आहे. कुंडीच्या भोंकावर खापरीचा तुकडा ठेवावा, मातींत निम्मी वाळू किंवा विटांचा चुरा घालावा, आणि माती सुकल्याखेरीज पाणी घालूं नये. शेणखत फार झालें तर पानेंच माजतात. लांबलेले शेंडे खुडून तेच खोंचावे; आठवडाभरांत मुळें धरतात. पिठ्या ढेकूण दिसला तर ती फांदी काढून टाकावी. मृगापूर्वीं चार-सहा तुकडे वळचणीखालीं कोरड्या जागीं लावून ठेवावे, म्हणजे बाहेरचा वाफा कुजला तरी वंश राहतो. दिवसाकांठीं पांच-सहा तास ऊन मात्र हवेंच, आणि इमारतींच्या दाटींत आतां तेंच दुर्मिळ झालें आहे.

आमच्या चाळीपुढें आईनें तेलाच्या रिकाम्या डब्यांत हीं फुलें लावलीं होतीं. वडील फोर्टांत कारकून. रविवारची सकाळ बाजारांत व रेशनच्या रांगेंत जाई. १९८३ सालीं ते निवृत्त झाले. पहिल्याच सोमवारीं ते सवयीनें साडेसातला आंघोळ करून तयार झाले, आणि मग कोठें जावयाचें नाहीं हें ध्यानांत येऊन खुर्ची घेऊन दारांत बसले. माझी शाळा दुपारची असल्यानें मी घरींच होतों. साडेनऊला ऊन डब्यांवर आलें, आणि अर्ध्या तासांत सगळे डबे रंगून गेले. बऱ्याच वेळानें त्यांनीं आईस विचारलें, “हें रोज असें होतें?”

“अहो, रोजच,” आई म्हणाली, आणि चहा ठेवावयास आंत गेली.