देवाची आळंदी : इंद्रायणीकाठचे गाव

पुणे जिल्ह्यात आळंद्या एकाहून अधिक आहेत. हवेली तालुक्यात म्हातोबाची आळंदी आहे, चोराची आळंदीही आहे. खेड तालुक्यातली ही तिसरी, देवाची. पुण्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर इंद्रायणीच्या काठी ती वसली आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी ही नदी देहूवरून आळंदीला येते आणि पुढे तुळापूरला भीमेस मिळते.

ज्ञानेश्वरांच्या आधीही हे क्षेत्र होते. सिद्धेश्वराचे शिवस्थान त्याची साक्ष देते. आपेगावचे विठ्ठलपंत आळंदीच्या सिधोपंतांचे जावई झाले. संन्यास घेऊन पुन्हा संसारात परतल्यामुळे हे कुटुंब वाळीत पडले. गावाबाहेरच्या सिद्धबेटावर त्यांचे वास्तव्य होते, असे परंपरा सांगते. ज्या गावाने त्यांना दूर ठेवले, त्याच गावात शके १२१८ (सन १२९६) मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. पुढे एकनाथांनी अजानवृक्षाच्या मुळ्या दूर करून समाधिस्थानाचा उद्धार केला, अशी श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी शके १५०६ मध्ये सिद्ध केली.

आजच्या पालखी सोहळ्याची घडी मात्र हैबतबाबा आरफळकरांची. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेल्या या सरदाराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लष्करी शिस्तीचा सोहळा उभा केला. सोहळ्याचे अश्व अजूनही बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. महाद्वारातील पायरी हैबतबाबांच्या नावाने ओळखली जाते आणि कार्तिकी यात्रेचा प्रारंभ तिच्याच पूजनाने होतो. १९१७ मध्ये जोग महाराजांनी येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. महाराष्ट्रभरचे कीर्तनकार तिथे घडले. (प्रेमविवाहांचे गाव ही आळंदीची दुसरी ख्याती तुलनेने अलीकडची!)

भोवतालचा मुलूख मात्र ओळखू येईनासा झाला आहे. दिघी, मोशी, चऱ्होली बुद्रुक ही शेजारची गावे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. उत्तरेला चाकणची कारखानदारी फोफावली. आळंदीची नगरपालिका वेगळी राहिली, पण नदीला हद्द नसते. वरच्या अंगाचे नागरी आणि औद्योगिक सांडपाणी पात्रात उतरते. गेल्या काही वर्षांत पांढऱ्या फेसाचे थर घाटापर्यंत अनेकदा पोहोचले. नदी सुधारण्याच्या घोषणा पुष्कळ झाल्या. वारकरी त्या फेसातूनच वाट काढत पाण्यात उतरतात. इंद्रायणीत स्नान केल्यावाचून माउलींच्या दर्शनाला जाणे त्यांना रुचत नाही.